कोलंबाइनला लाड चालत नाहीत

डेन्व्हरमध्ये आपल्या लोकांचं बागकाम म्हणजे खरंतर कुंड्यांची हमाली असते. ऑक्टोबरात फ्रॉस्टची बातमी आली रे आली की तुळस, कढीपत्ता, मोगरा सगळी मंडळी घरात, खिडकीपाशी दाटीवाटीने, मग हीटरच्या कोरड्या हवेने पानं गळतात म्हणून शेजारी ह्युमिडिफायर, आणि मे महिना अर्धा सरला की परत सगळं बाहेर. कढीपत्त्यासाठी ग्रो लाइट घेणारे लोक आहेत, त्यात मी पण आले. अशा माणसाने अंगणात कोलंबाइन नावाचं इथलं रानफूल लावलं की जरा चुकल्यासारखंच होतं, कारण त्याचं करायचं काय हा प्रश्न पडतो. हिवाळ्यात ते जमिनीवर दिसतसुद्धा नाही, वर बर्फ साचलेला असतो आणि खाली मूळ निवांत.

हे कोलोरॅडोचं, म्हणजे आमच्या डेन्व्हरच्या राज्याचं, राज्यफूल, १८९९ पासून. रॉकीजच्या डोंगरांत अ‍ॅस्पेनच्या झाडीत, दगडांच्या खाचेत, बर्फ वितळून पाणी झिरपतं अशा जागी जुलैमध्ये उगवलेलं दिसतं. बाहेर पाच निळसर जांभळ्या पाकळ्या, आत पाच पांढऱ्या, मध्ये पिवळा झुबका, आणि मागे पाच लांब नाजूक शेपट्या. मध त्या शेपटीच्या पार टोकाला! तिथवर पोचायला सोंडही तेवढीच लांब लागते, म्हणून संध्याकाळी मोठाले पतंग येतात आणि फुलासमोर हवेत तरंगत मध पितात. आखूड सोंडेचे काही भुंगे मात्र सरळ मागून शेपटीला भोक पाडतात आणि काम उरकतात. परागीकरण वगैरे गेलं उडत. मला ते भुंगे आवडतात हे इथल्या गार्डनिंगवाल्या बायकांना सांगायची सोय नाही.

१८२० मध्ये एडविन जेम्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका सरकारी मोहिमेत असताना या फुलाची पहिली नोंद केली. पुढे राज्याने १९२५ मध्ये कायदाच केला, सार्वजनिक जागेतलं कोलंबाइन मुळासकट उपटायचं नाही, आणि फुलं तोडायचीच तर एका माणसाने दिवसाला जास्तीत जास्त २५. कास पठारावर फुलं वाचवायला घातलेल्या कुंपणावरून आपल्याकडे एवढे वाद झाले, त्या पार्श्वभूमीवर हा पंचविसाचा हिशोब मला भारी वाटतो, मोजायला कोण उभं राहणार देव जाणे. तात्पर्य काय तर रोप नर्सरीतून आणा नाहीतर बी लावा, ट्रेकवरून खिशात घालून आणू नका.

बी लावणं हा एक वेगळाच प्रकार. बी अगदी सब्जासारखं, काळं, बारीक आणि चकचकीत. त्याला आधी थंडी दाखवावी लागते, नाहीतर ते जागंच होत नाही. ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घालून महिनाभर फ्रीजमध्ये, किंवा सरळ हिवाळ्याच्या तोंडावर अंगणात भिरकावून द्यायचं, बाकीचं बर्फ बघून घेतो. वर माती लोटायची नाही, उजेड लागतो, नुसतं बोटाने दाबायचं. पहिल्या वर्षी फक्त पानं येतात. फूल बहुतेक दुसऱ्या वर्षी.

डोंगरातलं आहे म्हणजे रखरखीत उन्हात चालेल असं मात्र नाही हं. डोंगरावर त्याला सावली असते, गारवा असतो. इथे खाली सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी, आणि ओल हवी पण पाणी साचायला नको, आमच्या चिकणमातीत थोडी खडी आणि कंपोस्ट मिसळलं की झालं. खत जास्त घातलं की पानंच माजतात.

आई उन्हाळ्यात येते तेव्हा तिला हे सगळं पटत नाही. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या की तिचं सुरू, अगं कीड लागलीये, कडुनिंबाचं तेल मार. ती लीफ मायनरची अळी असते, पानाच्या आतच बसून खाते, वरून काही मारून फारसा उपयोग नाही. फुलं संपली की सगळी पानं बुडाशी कापायची, नवीन स्वच्छ पानं येतात. मी कात्री घेऊन बसले की आई आत निघून जाते.

एक रोप जगतं तीन-चार वर्षं, फार तर थोडं जास्त. पण तोवर त्याने पोरं करून ठेवलेली असतात, शेंगा वाळल्या की वाऱ्याने बी उडतं आणि ड्राइव्हवेच्या फटीत, गुलाबाच्या आळ्यात, कुठेही रोप निघतं. शेजारच्या पिवळ्या कोलंबाइनशी यांचं जमतं त्यामुळे पोरं निळी निघतील याची गॅरंटी नाही. आमच्याकडे एक मळकट गुलाबी निघालंय. शुद्ध वाण हवं असणारे लोक असली रोपं उपटून टाकतात, मी ठेवते, फूल आहे ना मग झालं.

गेल्या वेळी जाताना आईने बिया मागितल्या, नाशिकला लावायला. म्हंटलं, तिथे थंडी पुरणार नाही. तर म्हणे, "निफाडला पारा चारवर जातो, पेपरात छापून येतं!" मी म्हंटलं, अगं चार दिवस जातो, याला सलग लांबलचक थंडी लागते. मग महाबळेश्वर निघालं, तिथल्या पावसात तर मुळंच कुजायची. आता तिची मैत्रीण मनालीला चाललीये म्हणून परत फोन आलाय, आणि हिमाचलात याच कुळातलं दुसरं कोलंबाइन मुळातच रानात उगवतं हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.