तुम्ही विचारलंत म्हणून: घराच्या कागदातली एक ओळ

इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळातले एक काका दर गणपतीत मला गाठतात. “अगं, आपल्या पोरांना शिवाजी महाराज धड माहीत नाहीत आणि तू त्यांना काळ्यांचा इतिहास कसला सांगत बसतेस? आपला काय संबंध?” प्रसादाच्या रांगेत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून इथे देते.

संबंध मला सापडला तो आमच्या घराच्या कागदांत. मिनियापोलिसमधलं हे घर १९२० च्या दशकातलं. घेताना जाडजूड गठ्ठ्यावर सह्या केल्या. तो कोण वाचतो! पुढे २०२० च्या मे महिन्यात याच शहरात एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा रोवून त्याचा जीव घेतला. त्यानंतर आमच्या गल्लीतले लोक आपापल्या घरांचे जुने दस्त काढून बघायला लागले. असे दस्त शोधून इथल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आधीच शहराचा नकाशा केला होता. आमच्याही दस्तात ती अट निघाली. ही जागा गोऱ्या वंशाच्या माणसाखेरीज कुणाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, दुसऱ्या कुणी तिथे राहायचं नाही.

तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, आम्हीही त्यात बसत नाही.

बसवून घ्यायचा प्रयत्न आपल्याकडच्यांनी केला होता. नागरिकत्व तेव्हा फक्त गोऱ्यांना आणि १८७० पासून आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. त्यांच्या बाजूचं म्हणणं असं, की हा उच्च जातीचा आर्य आहे, म्हणजे गोराच. वर पुरावा काय, तर अमेरिकन माणूस लग्नाच्या बाबतीत निग्रोकडे जसं बघतो, तसंच उच्च जातीचा हिंदू आपल्याकडच्या आदिवासींकडे बघतो! १९२३ साली कोर्टाने हे फेटाळलं. जात साता समुद्रापार नेली आणि तिथे ती वटली नाही. आपल्या काही गप्पा ऐकताना मला हा खटला आठवतो. राग मानू नका.

ती ओळ आपोआप पुसट झाली नाही. सेंट लुईसमधल्या शेली नावाच्या काळ्या कुटुंबाने घर घेतलं, शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं, आणि १९४८ साली निकाल लागला की अशा अटी कोर्ट अमलात आणणार नाही. तरी घर विकताना भेदभाव चालूच होता. त्याविरुद्धचा कायदा झाला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात.

काका खिशात आठ डॉलर घेऊन आले, ही गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ते आले १९७१ मध्ये. १९६५ पूर्वी भारतातून वर्षाला जेमतेम शंभरांचा कोटा होता. १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर काळ्यांसाठी मतदानाचा हक्क मागणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, ऑगस्टमध्ये त्या हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये देशवार कोटे मोडणारा स्थलांतराचा कायदा. वंश बघून मत नाकारायचं नाही म्हटल्यावर वंश बघून व्हिसा तरी कसा नाकारणार? काकांची हुशारी, मेहनत सगळं कबूल. पण दार ज्यांनी ढकललं, त्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. त्यांनाच उद्देशून आपण म्हणतो, “आम्ही वर आलो, यांना काय धाड भरली?”

आणि शिवाजी महाराजांचं म्हणाल तर जोतीराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांचा पोवाडा रचला. त्याच जोतीरावांनी चार वर्षांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. (गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक स्वतः लढले, तेही या मानाचे धनी.) पुण्यात बसून त्यांना संबंध दिसला. आपण तर इथे राहतो.

आमच्या मिनेसोटा राज्यात २०१९ पासून अशी अट रद्द करून घेता येते. आम्ही अर्ज भरला. जुनी ओळ दस्तात तशीच राहते, फक्त आम्ही ती नाकारल्याचा कागद तिच्यासोबत नोंदला जातो. काकांना हे सांगितलं, तर ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “आमचंही घर जुनंच आहे. कुठे बघायचं असतं ते?”