तुम्ही विचारलंत म्हणून: इमॅजिन ही गेम कंपनी बुडाली कशी?

माझ्या कपाटातली इमॅजिनच्या जंपिंग जॅक या कॉम्प्युटर गेमची कॅसेट पाहिली की लोक हमखास विचारतात, "ही कंपनी आहे का अजून?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "गेम खपत नव्हते का?" खपत होते हो, धडाक्यात खपत होते.

मार्क बटलर आणि डेव्हिड लॉसन हे दोघे बग-बाइट या गेम कंपनीतून बाहेर पडले आणि 1982 मध्ये लिव्हरपूलमध्ये त्यांनी इमॅजिन सॉफ्टवेअर सुरू केली. बंदराचं काम आटलेलं, घराघरांत बेकार पोरं, अशा त्या शहरात ही कंपनी उभी राहिली. तिथला यूजीन एव्हान्स हा विशीही न गाठलेला प्रोग्रामर वर्षाला 35,000 पौंड कमावतो, असं पेपरांत छापून आलं. त्या बातमीनं किती पोरांना कीबोर्डसमोर बसवलं असेल!

माझ्या आत्येभावाकडे इंग्लंडहून आणलेला स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर होता. कॅसेटवरचा गेम त्यात भरायला टेपरेकॉर्डर लावायचा, निळ्या-पिवळ्या पट्ट्या पडद्याच्या कडेनं धावायला लागल्या की श्वास रोखून बसायचं. मध्येच लोडिंग फसलं की पुन्हा पहिल्यापासून. जंपिंग जॅक 1983 चा, अवघ्या 16के मेमरीत बसवलेला. आडव्या रेघा म्हणजे मजले, त्यांतून सरकणारी भोकं, आणि खाली काडीसारखा जॅक. भोक बरोबर डोक्यावर आलं की उडी मारायची. क्षणभर चुकलं की डोकं आपटून तो आडवा, आणि पडल्या जागी खालून भोक आलं की आणखी एक मजला खाली. वरपर्यंत पोचलात की एका गंमतगाण्याच्या पुढच्या ओळी दिसायच्या. त्या ओळींसाठी आम्ही अख्खी दुपार घालवायचो. एवढ्याशा जागेत इतकी उत्कंठा भरणाऱ्या माणसांबद्दल मला आजही आदर वाटतो.

मग बुडाली कशी? घरोघरी होणाऱ्या कॉप्यांकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. कॉप्या व्हायच्या हे खरं, आमच्याकडेही एका कॅसेटच्या चार झाल्या होत्या. पण तीच चोरी मँचेस्टरच्या ओशन या गेम कंपनीलाही सोसावी लागली आणि ओशन टिकली. माझ्या मते इमॅजिननं हातात नसलेला पैसा आधीच खर्च केला. 1983 च्या नाताळात स्पर्धकांची कोंडी व्हावी म्हणून कॅसेट छापणाऱ्या कारखान्याची क्षमता आधीच अडवून ठेवली, आणि नंतर न खपलेल्या कॅसेटींची थप्पी गोदामात पडून राहिली. त्यात बँडरस्नॅच आणि सायक्लॅप्स या 'मेगागेम्स'ची घोषणा झाली. साधा गेम साडेपाच पौंडांना मिळायचा. हे मात्र जादा मेमरीच्या उपकरणासकट चाळीसेक पौंडांच्या घरात जाणार होते. पानभर जाहिराती झळकल्या, त्यांत प्रोग्रामरांचे फोटो. गेम तयार नव्हतेच. देणी थकत गेली आणि 9 जुलै 1984 ला कोर्टानं कंपनी गुंडाळायचा हुकूम दिला.

बीबीसीची माणसं तेव्हा या धंद्याची भरभराट टिपायला कॅमेरा घेऊन आली होती. त्यांच्या फिल्ममध्ये इमॅजिनची अखेर नोंदली गेली. डिसेंबरमध्ये ती टीव्हीवर दाखवली. मला ती पाहताना मालकांपेक्षा त्या पोरांचं वाईट वाटतं, रात्री जागून कोड लिहिणाऱ्यांचं.

त्यांतले काहीजण एकत्र आले आणि त्यांनी डेंटन डिझाइन्स ही गेम कंपनी काढली. इमॅजिनचं नाव ओशननं घेतलं आणि आर्केडचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचे, गेम त्या शिक्क्याखाली विकले. लॉसन आणि इयन हेदरिंग्टन यांनी सिग्नोसिस ही नवी गेम कंपनी उभी केली. बँडरस्नॅचच्या कल्पनेतून ब्रेटॅकस हा त्यांचा पहिला गेम निघाला. पुढे 1993 मध्ये सोनीनं सिग्नोसिस विकत घेतली आणि दोन वर्षांनी प्लेस्टेशनवर वाइपआउट हा शर्यतीचा गेम आला. माझा भाचा तो तासन् तास खेळायचा. एकदा त्याच्या हातात ही जंपिंग जॅकची कॅसेट दिली आणि म्हटलं, "तुझ्या गाड्यांचं मूळ इथवर जातं." त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मामा, ही चालते का अजून?"

चालते. फक्त टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू जरा पिळावा लागतो.