पंप चालू केला की प्रभावळ फडफडते, पण एलईडीची पट्टी चांगलीच असते

परवा रात्री गल्लीतल्या एका पोराचा फोन आला, "दादा, पट्टी लई फडफडाय लागलीया, नवीन आणू का?" म्हणलं थांब, काही आणू नको, उद्या येऊन बघतो. गेल्या वर्षी आमच्या तालमीच्या गणपतीला अगदी हेच झालं होतं, तीन रात्री त्यात गेल्या, म्हणून सगळं एकदा इथं लिहून ठेवतोय.

मूर्तीमागं ॲल्युमिनियमची गोल प्रभावळ होती, उद्यमनगरातनं कापून आणलेली. तिच्यावर ५ मीटर डब्ल्यूएस २८१२बी पट्टी, म्हणजे जिच्यातल्या प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येतो तसली, मीटरला ६० म्हणजे एकूण ३०० एलईडी, कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ हा छोटा बोर्ड आणि त्यात डब्ल्यूएलईडी हे पट्टी चालवायचं सॉफ्टवेअर टाकलेलं. घरात टेबलावर सगळं झकास चाललं. मंडपात लावलं आणि समोरच्या कारंज्याचा पंप चालू केला की प्रभावळीवर भलत्याच ठिकाणी हिरवे-पांढरे ठिपके उठायचे, पंप बंद केला की परत सगळं नीट. जो येईल तो सांगून जायचा, पट्टी डुप्लिकेट लागली तुम्हाला.

पट्टीत काही खोट नव्हती. या प्रत्येक एलईडीच्या पोटात एक बारकी चिप असते, तिच्याकडं एकाच वायरवरनं सेकंदाला ८ लाख बिट येतात, पहिले २४ बिट ती स्वतःसाठी ठेवते आणि बाकीचे पुढच्याला देते. बिट ० आहे का १ हे व्होल्टेज किती वेळ वर राहिलं यावरनं ठरतं आणि तो वेळ एका मायक्रोसेकंदाच्याही आतला. आता एवढ्या नाजूक हिशोबात मोटरचा एक झटका वायरीत घुसला तर चिपला खरं-खोटं तपासायची काही सोयच नाही, आलं ते खरं धरून ती रंग दाखवते.

त्यात आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या चिपला १ ओळखायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात, आणि ईएसपी३२ देतं ३.३. घरी चालतं कारण वायर वीतभर असते. मंडपात आमची डेटाची वायर तीन मीटर लांब होती, एकेरी, आणि मंडपवाल्यांच्या २३० व्होल्टच्या केबलीला चिकटपट्टीनं बांधलेली, पंपाचा करंट त्याच केबलीतनं जात होता. ग्राउंड, म्हणजे करंट परत जायची वायर, तिसऱ्याच वाटेनं फिरून येत होता. एवढं सगळं एका जागी जमल्यावर ती पट्टी फडफडणारच.

मग काय केलं, तर जुन्या लॅन केबलीतला पीळ घातलेला एक जोड घेतला, एका तारेत डेटा, दुसरीत ग्राउंड. दोन्ही एकमेकांना बिलगून गेले की बाहेरनं येणारा झटका दोघांत जवळपास सारखाच बसतो आणि चिपला फरक कमी दिसतो. ही केबल लाईटच्या केबलीपासनं हातभर लांबनं नेली, जिथं ओलांडायलाच लागली तिथं काटकोनात. डेटाच्या वाटेत ४७० ओहमची रेझिस्टर टाकली. ठिपके बरेच कमी झाले, पण गेले नाहीत.

३.३ चे ५ करायला खरं तर ७४एएचसीटी१२५ ही चिप लावायची. रात्री साडेदहाला ती कुठं मिळणार, म्हणून दुसरा उपाय केला. एक सुटा एलईडी पट्टीतनं कापून कंट्रोलरजवळ बसवला आणि त्याच्या ५ व्होल्टच्या वाटेत साधा १एन४००७ डायोड घातला. डायोड पाऊण व्होल्टच्या आसपास खातो, मग त्या एलईडीला ४.३ च मिळतात आणि त्याला ३.३ चा सिग्नल आरामात कळतो, तो पुढं सोडतो तो ४.३ चा, म्हणजे प्रभावळीला पुरेसा. त्या रात्री पंप तासभर चालू ठेवला, एक ठिपका उठला नाही. मला तेव्हा जे समाधान वाटलं ते शब्दात सांगता येत नाही.

डेटाचं मिटलं आणि पॉवरचं सुरू झालं. पूर्ण पांढरा केला की एक एलईडी ६० मिलीॲम्पिअरपर्यंत ओढतो, ३०० चे झाले १८ ॲम्पिअर, आणि पट्टीतला तांब्याचा पत्रा कागदासारखा पातळ. शेवटाकडं पांढऱ्याचा पिवळट-लाल होतो, कारण व्होल्टेज पडलं की निळा आणि हिरवा आधी मरतात, लाल टिकतो. म्हणून दीड चौरस मिलीमीटरच्या जाड वायरीनं तीन ठिकाणी वीज दिली, प्रत्येक फाट्याला गाडीत असतो तसला ब्लेड फ्यूज, पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि डब्ल्यूएलईडीत करंटची मर्यादा घातली. आरतीला तसंही कुणाला पूर्ण पांढरा झगझगाट नको असतो.

फ्यूज किती मोलाचा हे दुसऱ्याच दिवशी कळलं. पट्टीच्या कापलेल्या टोकाचे उघडे तांब्याचे ठिपके ॲल्युमिनियमच्या कडीला टेकले, ५ व्होल्ट थेट शॉर्ट. फ्यूज उडाला, बाकी काही झालं नाही. फ्यूज नसता तर वायर तापली असती, आणि तिच्यामागं कापडाचा पडदा होता. तेव्हापासनं टोकावर स्लीव्ह (वीजरोधक नळी) चढवल्याशिवाय पट्टी धातूवर ठेवायचीच नाही, हा आमच्याकडं नियम झालाय.

पहिला एलईडी मात्र आम्ही जाळलाच. कुणीतरी घाईत चालू पट्टीचा कनेक्टर ओढला, ग्राउंड आधी सुटला आणि डेटा जोडलेलाच राहिला, मग परतीचा करंट डेटाच्या पायातनं वाट काढतो आणि चिप जाते. वीज बंद करूनच हात घालायचा, आणि अगदीच नाइलाज असेल तर ग्राउंड सगळ्यात आधी जोडायचा, सगळ्यात शेवटी काढायचा. एक गेला की त्याच्या पुढचे सगळे अंधारात जातात, त्यामुळं अर्धी पट्टी बंद दिसली की शेवटचा पेटणारा आणि पहिला न पेटणारा हे दोनच तपासा, दोष त्यातच कुठंतरी असतो. सुरुवातीपासनंच सगळी फडफडत असेल तर पट्टीकडं बघू नका, कंट्रोलरपासनं पहिल्या एलईडीपर्यंतची वायर बघा.

तर त्या पोराकडं काल जाऊन आलो. त्यानं पट्टीला एसएमपीएस, म्हणजे ५ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय, लावलेला आणि कंट्रोलरला मोबाईलचा चार्जर, दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेलेच नव्हते, डेटाला परत यायला वाटच नाही. वीतभर काळी वायर घेतली, दोन्ही ग्राउंड जोडले आणि चालू केलं. मग तो म्हणाला, "दादा, आता पंपबी लावून बघूया," आणि आम्ही पंप लावून अर्धा तास तिथंच बसलो.