पाण्याला हात लावताना

आभासी वास्तवाचा हेडसेट डोळ्यांवर चढवला, तेव्हा समोर संथ पाण्याचा काठ होता, त्यावर कलती उन्हे होती आणि वाकून हात बुडवावा असा मोह होता. मी हात बुडवलाही. बोटांना काहीच लागले नाही. डोळे फसायला तयारच असतात, त्वचा इतकी भोळी नसते. इतका वेळ खरा वाटणारा तो काठ पाहता पाहता चित्र होऊन गेला, आणि मन शांत करण्यासाठी बसलेला मी कपाळावर रुतणारा पट्टा चाचपू लागलो.

अर्थात त्वचेलाही चकवता येते. बॉटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी 1998 मध्ये माणसाचा खरा हात आडोशाला ठेवून डोळ्यांसमोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरवला, तेव्हा पाहणाऱ्यांना तो रबरी हातच आपला वाटू लागला. दोन कुंचल्यांचा मेळ चुकला की मात्र ही जादू ओसरते.

हेडसेटसोबत घालायच्या हातमोज्यांत बसवलेल्या बारीक मोटारी हा मेळ साधू पाहतात. पण त्यांना येते ती थरथर, आणि फोनच्या थरथरीने कुणी निवांत झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. थोपटणे, कुरवाळणे, गोंजारणे, चेपणे असे किती भेद आपण सहज करतो! त्यांतल्या कुरवाळण्यासाठी तर केसाळ त्वचेत वेगळे चेतातंतूच आहेत. सेकंदाला सुमारे 1 ते 10 सेंटिमीटर इतक्या संथ गतीने फिरणारा, अंगाइतकाच कोमट हात त्यांना सर्वांत भावतो. घाई केली की त्यांचा प्रतिसाद मंदावतो.

दुसऱ्या खेपेला मांडीवर हवेने फुगणारी एक मऊ उशी दिली गेली. दृश्य तेच होते. उशी सावकाश फुगायची, किंचित थांबायची आणि तितक्याच सावकाश ओसरायची, झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवावा तशी. तिच्या तालावर श्वास घ्या, असे कुणी सांगितले नव्हते. तरी थोड्या वेळाने माझा श्वास तिच्या मागोमाग चालू लागला होता, आणि पाण्यात हात घालायची आठवणही राहिली नव्हती.

हेडसेट काढला, यंत्र बंद झाले, उशीतली हवा निघून गेली. उशी परत मागितली गेली, तेव्हा कुठे लक्षात आले की माझा तळहात अजून तिच्यावरच होता.