वाऱ्यासाठी गाडी विकण्याआधी

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही मोटरसायकल विकून दुसरं काही घ्यावं का, हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांच्या मनात आहे. २०१६ ते २०२३ या काळात विकल्या गेलेल्या या गाड्या आता भरपूर पळून झाल्यात आणि तक्रार साधारण सारखीच असते. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास हेल्मेट थडथडायला लागतं, कानात घरघर सुरू होते, दोनेकशे किलोमीटर झाले की मान आणि खांदे भरून येतात. मग तिच्यानंतर आलेली हिमालयन ४५० घ्यायची, नाहीतर लांब पल्ल्याची एखादी मोठी टूरर, असा विचार सुरू होतो. माझं मत असं की वाऱ्याचं कारण सर्वांत शेवटी धरावं. हा त्रास बहुतेक वेळा गाडीच्या पुढच्या काचेची (विंडस्क्रीनची) वरची कड, तुमच्या डोक्याची उंची आणि हेल्मेट या तिघांचं जमत नसल्यामुळे होतो. नवी गाडी आणली तरी यातल्या दोन गोष्टी तुमच्याबरोबर तशाच जातात.

आधी हे पाहा की वारा नुसता लागतोय की आदळतोय. काच नसलेल्या गाडीवर ८० च्या वेगाला ताठ बसलेल्या माणसावर आणि गाडीवर मिळून ढोबळमानाने १८ किलो वजनाइतका जोर पडतो. १०० ला तो २८ वर जातो आणि १२० ला ४० वर, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पण हा जोर एकसारखा असला तर शरीर तो सहज पेलतं. छाती थोडी पुढे झुकते, हात सैल राहतात. त्रास होतो तो तुकड्यातुकड्यांनी आदळणाऱ्या हवेचा. काचेच्या मागे हवेचा दाब कमी असतो. वरच्या कडेवरून वेगाने सुटलेली हवा त्या पोकळीत वळते आणि तिचे भोवरे एकामागून एक सुटत राहतात. ते नेमके हेल्मेटच्या उंचीवर आले की डोकं सेकंदाला कित्येकदा मागेपुढे ढकललं जातं आणि मानेचे स्नायू दिवसभर ते थोपवत बसतात. थकवा येतो तो यातून.

पहिली चाचणी फुकट आहे. काचेचे ॲलन बोल्ट सोडवून काच घरी ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने वीसेक किलोमीटर जाऊन या. बोल्टखालचे रबर ग्रॉमेट आणि वॉशर पिशवीत भरून ठेवा, ते हरवले की काच कडकडते आणि पुढे तडकते. काच नसताना छातीवर वारा जास्त लागेल, पण डोकं स्थिर राहिलं आणि आवाज गुरगुरण्याऐवजी सुळसुळण्यासारखा झाला, तर दोष काचेचा आहे आणि गाडी विकायचं कारण तिथेच संपलं. काच नसतानाही हेल्मेट तेवढंच हललं तर हेल्मेटकडे किंवा गाडीच्या पुढच्या भागाकडे पाहावं लागेल.

काच परत लावा आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर फूटरेस्टवर हळूहळू उभे राहा. डोकं पाच-सात सेंटिमीटर वर गेल्यावर एकदम शांत वाटलं, तर तुम्ही भोवऱ्यांच्या पट्ट्यातून वर स्वच्छ हवेत गेलात. मग दोन दिवस टाकीवर थोडं वाकून बघा. तिथेही शांत वाटलं, तर पट्टा नेमका तुमच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत आहे. आता दोन मार्ग असतात: काच खाली घेऊन डोकं स्वच्छ हवेत ठेवायचं, किंवा काच उंच करून पट्टा डोक्यावरून घालवायचा. बाजारात खपतो तो दुसरा, कारण उंच काच विकता येते. मला पहिला जास्त पटतो, विशेषतः कोकणात आणि घाटात चालवणाऱ्यांसाठी. पावसात काचेतून बघायची वेळ आली की समोरच्या गाडीच्या दिव्याचा नुसता पसरट डाग दिसतो. काचेची कड डोळ्यांच्या रेषेच्या निदान चार-पाच सेंटिमीटर खाली हवीच.

महागडी काच मागवण्याआधी सनपॅक शीटचा तुकडा घ्या, दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो. काचेच्या वरच्या कडेला जुळेल असा पाच सेंटिमीटर उंचीचा पट्टा कापा आणि रुंद मास्किंग टेपने दोन्ही बाजूंनी पक्का चिकटवा. एक फेरी सरळ लावून, एक फेरी वरचा भाग पंधरा-वीस अंश पुढे कलवून. बऱ्याचदा उंचीपेक्षा कोनाने जास्त फरक पडतो. चित्र नीट दिसायला हवं असेल तर लोकरीचे बोटभर लांबीचे धागे काचेच्या कडेवर, टाकीच्या दोन्ही बाजूंना आणि हेल्मेटच्या पुढच्या भागावर चिकटवा, आणि शेजारून जाणाऱ्या कारमध्ये मागच्या सीटवर बसलेल्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. जिथे धागा मागे ताठ उडतो तिथे हवा चांगली आहे. जिथे तो फडफडतो किंवा उलटा पुढे वळतो तिथे भोवरा आहे. हँडलवरून हात सोडून हवा चाचपायच्या भानगडीत मात्र पडू नका.

अजून एक उपाय फारसं कुणी करत नाही, आणि तोच सर्वांत स्वस्त आहे. काच आणि तिच्या ब्रॅकेटमध्ये दहा ते पंधरा मिलिमीटरचे नायलॉनचे स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या नळ्या, घालून, तेवढे लांब बोल्ट लावून काच पुढे सरकवा. खालच्या फटीतून थोडी हवा काचेच्या मागे शिरते, पोकळीतला कमी दाब भरून निघतो आणि वरून वळणाऱ्या हवेला आत ओढणारं काही उरत नाही. घरघर बऱ्याचदा लगेच उतरते. बोल्ट मात्र बेताने आवळा. पॉलिकार्बोनेटला भोकाभोवती चीर गेली की ती पसरतच जाते.

खालून येणारी हवा हा वेगळा प्रकार. पुढच्या फोर्कमधून, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमधून, आणि टाकीच्या बाजूने वर उसळणारी हवा थेट हेल्मेटच्या हनुवटीखाली घुसते आणि हेल्मेट वर उचलल्यासारखं वाटतं. टाकीच्या बाजूचे धागे वर उडताना दिसले तर फोर्कवर लावायचे छोटे डिफ्लेक्टर काम करतात. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून ते टाकीला किंवा केबलला घासत नाहीत ना, हे बघूनच पक्के करा.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. वरच्या बाजूला चोच असलेलं ॲडव्हेंचर हेल्मेट हायवेवर डोकं मागे ओढतं. चोच काढता येत असेल तर एक दिवस ती काढून चालवा. गाल दाबले जात नसतील इतकं सैल हेल्मेट कुठल्याही काचेमागे हलणारच. आणि फोमचे इअरप्लग वापरा. ८० च्या वेगाला चांगल्या हेल्मेटच्या आतसुद्धा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि तासन्‌तासच्या थकव्यात त्याचा वाटा मोठा असतो. हॉर्न आणि ट्रकचे आवाज तरीही ऐकू येतात, उलट ते जास्त स्पष्ट कळतात.

आता वाऱ्याच्या नावावर खपणाऱ्या दुसऱ्या गोष्टी. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवा. टकटक जाणवली तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे. मग हँडल एका बोटाने हळू फिरवा. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोन सेट गेलाय, आवळून उपयोग नाही, बदलावा लागेल. मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर लेन बदलताना गाडी कडेवरून घसरल्यासारखी वाटते. बाजूंना मोठे पॅनिअर (सामानाच्या पेट्या) आणि वर टॉप बॉक्स असेल तर नव्वदच्या पुढे मागचा भाग डोलतो. जड सामान टॉप बॉक्समधून काढून पुढे आणि खाली आणा. हवेचं प्रेशर कंपनीने दिलेलं हवं, पंपावर अंदाजाने भरलेलं नको.

मागचा शॉकअप बसलेला असणं हे तर वाऱ्याशी थेट जोडलेलं आहे. मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून वरच्या एखाद्या ठरलेल्या बिंदूपर्यंत अंतर मोजा. मग हेल्मेट, जॅकेट, बूट असं सगळं अंगावर घालून गाडीवर बसा, एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. ४११ ला मागे १८० मिलिमीटरचा ट्रॅव्हल (चाक वरखाली होण्याचं एकूण अंतर) आहे, त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ५५ ते ६० मिलिमीटर गाडी बसायला हवी. ८० बसत असेल तर मागचा भाग खाली गेलाय, पुढचं चाक हलकं झालंय आणि काचही मागे कलंडलीय. आडव्या वाऱ्यात हँडल हलकं वाटण्याचं कारण तिथे सापडतं. सी-पान्याने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा, पुन्हा मोजा. शेवटच्या खाचेपर्यंत जाऊनही बसत असेल तर स्प्रिंग किंवा शॉकअप बदलायचा.

आरामाची कामं नेहमी या क्रमाने करा: आधी सीट, मग हँडल, शेवटी काच. सीटचा फोम वीस मिलिमीटरने वाढवला की डोकंही तेवढंच वर जातं आणि काचेचं आधी बसवलेलं गणित बिघडतं. सीट पुढे उतरती असेल आणि तुम्ही टाकीवर सरकत असाल, तर सीटवाल्याकडून पुढचा भाग भरून सपाट करून घ्या. मऊ फोम घालू नका, तो तासाभरात बसतो. हँडल उंच करणारा रायझर २५ मिलिमीटरपेक्षा जास्त घेतला तर ब्रेकचा होज आणि केबल ताणल्या जातात. इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. आरपीएम वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

हे सगळं करूनही उरतो तो आडवा वारा, आणि तो कुठल्याच काचेने जात नाही. पावसाळ्यात पुणे-कोल्हापूर हायवेवर वारा पश्चिमेकडून येतो. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पुण्याकडे येताना वारा डावीकडून असतो आणि तुम्ही नकळत डावीकडे झुकून चालवत असता. डावीकडच्या कंटेनरला ओव्हरटेक करायला घेतलं की वारा अचानक बंद होतो आणि गाडी कंटेनरकडे सरकते. केबिनच्या पुढे निघालात की तोच वारा एकदम परत येऊन तुम्हाला दुभाजकाकडे ढकलतो. कंटेनरपासून जास्त अंतर ठेवा, गुडघ्यांनी टाकी धरा आणि हँडलवरची पकड सैल सोडा. घट्ट धरलेले हात प्रत्येक झोत थेट पुढच्या चाकापर्यंत पोचवतात. ४५० चा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १५१० मिलिमीटर आहे, ४११ चा १४६५, वजन जवळपास सारखंच, दोन्हींना पुढे २१ इंची चाक. आडव्या वाऱ्यासाठी ही अदलाबदल करण्यात अर्थ नाही.

ताकदीचा मुद्दाही तपासून घ्या. ४११ ची ताकद सुमारे २४ हॉर्सपॉवर, ४५० ची ४०. १२० वेग धरून ठेवायला वीस-बावीस हॉर्सपॉवर लागतात, म्हणजे ४११ तिथे दमते, हे खरं. पण केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ८० आहे, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे किंवा समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. ८० ला लागणारी ताकद ४११ कडे चढावर आणि समोरच्या वाऱ्यातसुद्धा आहे.

मग गाडी कधी बदलावी? सीट उंच करून आणि फूटरेस्ट खाली घेऊनही गुडघा काटकोनापेक्षा जास्त मुडपत असेल, तर ती चौकट तुमच्या मापाची नाही, बदला. दोनशे किलोची गाडी पार्किंगमध्ये ढकलताना किंवा उतारावर मागे घेताना पाठ आखडत असेल, तर बदला, आणि मोठी नाही तर हलकी घ्या. ऐंशीला सिंगल सिलिंडरच्या थरथरीने बोटं बधिर होत असतील आणि हँडलच्या टोकाला लावायचं बार-एंडचं वजन वाढवून, चेन, स्प्रॉकेट आणि इंजिन माउंटचे बोल्ट तपासूनही फरक पडत नसेल, तर ट्विन सिलिंडर चालवून बघा. हिशोबात हेही धरा की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०. जुन्या गाडीच्या विम्याचा नो क्लेम बोनस मालकाचा असतो, विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की तो नव्या पॉलिसीत वळवता येतो.

टेस्ट राइडला स्वतःचं हेल्मेट आणि स्वतःचं जॅकेट घालून जा. शोरूमच्या मागच्या गल्लीतली फेरी नाकारा आणि बायपासवर निदान अर्धा तास मागा. परत आलात की त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, स्पेसर घातलेली तुमची जुनी गाडी त्याच दिवशी चालवा. वारा रोज बदलतो, वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तुलनेला काही किंमत नाही.