आयाळ नसलेला सिंह

रविवार, रात्री साडेनऊ

पाय नुसते बोलतायत. मेगाब्लॉक सांभाळत डोंबिवलीहून सीएसएमटी गाठलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने कागदावर नऊ कोडी लिहून दिली होती. फोर्टात हिंडून दगडातली उत्तरं हुडकायची. अट एकच, मोबाइल पर्समधून काढायचा नाही. जोडीला अकरा वर्षांचा भाचा.

पहिलं कोडं: ‘फाटकावर दोघे, पण जात वेगळी.’ मी म्हटलं, स्टेशनच्या फाटकावर दोन्ही सिंहच आहेत, एकोणीस वर्षं बघतेय. भाचा म्हणाला, "मावशी, याला आयाळ कुठेय?" खरंच की! एक सिंह, एक वाघ. एक ब्रिटनचा, एक आपला. संध्याकाळची फास्ट चुकू नये म्हणून मान खाली घालून पळणं म्हणजे बघणं नव्हे, हे मला अकरा वर्षांच्या पोराने दाखवलं.

घुमटावरची मशालवाली बाई त्याला लगेच सापडली, आणि घड्याळाखालचा रिकामा कोनाडाही. तिथे पूर्वी व्हिक्टोरिया राणी होती.

खरा घाम काढला तो चौथ्या कोड्याने: ‘रेल्वे आणायला झटलेल्या आपल्या माणसाची पगडी शोधा.’ म्हणजे नाना शंकरशेट. पण भिंतीवर चेहरेच चेहरे, पगड्याही तऱ्हेतऱ्हेच्या. वीस मिनिटं मान वर. येणारेजाणारेही थांबून वर बघायला लागले. शेवटी शाळेतल्या पुस्तकातलं चित्र आठवून नाना ओळखले. इमारत वास्तुविशारद स्टीव्हन्सची, बांधकाम १८७८ ते १८८८. पण कोरीवकामाला जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. एखाद्या पोराने मास्तरांचा चेहरा गुपचूप कोरला नसेल कशावरून?

पुढे डीएन रोडच्या कमानींच्या सावलीतून फ्लोरा फाउंटन. १९३६च्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीवर शेतकरी, कुंभार सापडले. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. भाच्याला ते फार आवडलं. आईस्क्रीम त्याहून जास्त.

नववं: ‘डोळ्यावर पट्टी, हातात तराजू, पण देवी नव्हे.’ हायकोर्टाच्या दाराशी वॉचमन हसला. "माकड आहे ते, आत. रविवारी बंद."

भाच्याने कागदावर ‘माकड – बाकी’ असं लिहून तो स्वतःच्या खिशात घातला, आणि उद्या ऑफिसला जाताना एकटीने बघायचं नाही अशी ताकीद दिली.