तुम्ही विचारलंत म्हणून: पीएनजीत मराठी का मोडते?

"स्क्रीनवर एसव्हीजी छान दिसते, पीएनजी केली की अक्षरांची वाट लागते. असं का?" महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला हे विचारतंच. एसव्हीजी म्हणजे चित्र कसं काढायचं याच्या सूचना असलेली फाइल, पीएनजी म्हणजे ठिपक्यांनी बनलेलं तयार चित्र.

एसव्हीजीत सहसा अक्षरांचे आकार नसतातच. असतो तो मजकूर आणि फॉन्टचं नाव. चित्र काढणारा प्रोग्रॅम तो फॉन्ट त्या मशीनवर शोधतो, आणि नाही सापडला की हाताला लागेल तो वापरून मोकळा होतो. बहुतेकदा तक्रारही करत नाही.

म्हणून आधी बिघाड नीट बघा. चाचणीला मी 'विद्यार्थी' हा शब्द घालतो. नुसते चौकोन आले तर तिथे देवनागरी फॉन्टच नाही. अक्षरं धड आहेत पण वळण भलतंच आणि ओळ चौकटीबाहेर, तर बदली फॉन्ट आलाय. पण वेलांटी 'व'च्या आधी न येता मागाहून लटकतेय, 'द'चा पाय मोडलाय, रफार डोक्यावर न चढता सुटा 'र्' पडलाय, असं दिसलं तर बहुधा त्या प्रोग्रॅमला अक्षरं जुळवताच येत नाहीत. अशा जुळवणीला शेपिंग म्हणतात. इथे फॉन्ट बदलत बसण्यात अर्थ नाही, प्रोग्रॅम बदला. इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम किंवा आरएसव्हीजी-कन्व्हर्ट ही एसव्हीजीची पीएनजी करणारी कमांड हे काम नीट करतात.

फॉन्टचाच घोळ असेल तर लिनक्सवर एफसी-मॅच या कमांडला फॉन्टचं नाव द्या. प्रत्यक्षात कोणता फॉन्ट मिळणार ते कळतं. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट टाकला, फॉन्टची यादी ताजी करणारं एफसी-कॅशे चालवलं की बरंचसं निभावतं. एसव्हीजीत वेबफॉन्टची, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या फॉन्टची, लिंक देऊन निर्धास्त राहू नका. ब्राउझर ती वाचतो, इंकस्केप आणि आरएसव्हीजी-कन्व्हर्ट वाचत नाहीत.

अगदीच घाई असेल तर इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. अक्षरांचे आकारच होतात, मग फॉन्ट लागतच नाही. मात्र प्रतीवर करा! मी एकदा मूळ फाइलवरच करून सेव्ह केलं, आणि मग एका आडनावात वेलांटी चुकलेली निघाली. तिथे दुरुस्त करायला मजकूर कुठला उरलाय? अख्खी ओळ पुन्हा मांडली.

आणखी एक, माझ्या हौसेचं. एसव्हीजीत मजकुराची भाषा 'एमआर' (mr, मराठीचा कोड) अशी लिहून ठेवली तर काही फॉन्ट मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' देतात. एरवी हिंदी वळणाचे येतात. काम देणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, मला मात्र खुपतं.